माळ्यावरची सात भांडी

सोम., ३ फेब्रुवारी २०२५. सकाळी १०:१०
स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होतो. मध्येच उतरून हे लिहितो आहे. शनिवारपासून कंपनीनं ब्रेक दिला. सात महिने भरले की कंत्राटी पोरांना पंधरा दिवस घरी बसवतात, मग नवं कार्ड. म्हणजे १७ तारखेपर्यंत रिकामा. आई काल सोयगावला मामाकडं गेली. बाळंतपण आहे म्हणाली. "कोणाचं?" विचारलं, तर "घरातलंच" म्हणाली. मामाच्या सुनेचं असेल.

मोबाइल बघून डोळे दुखले. म्हणून ठरवलं, आई येईपर्यंत घर एकदा नीट लावायचं. खोली एक, स्वयंपाकघर एक, माळा एक. जास्त नाही.

मंगळ., ४ फेब्रु.
पाणी आलं. ड्रम घासून भरले. डबे उतरवले, चिठ्ठ्या चिकटवल्या: तूरडाळ, पोहे, रवा. तीळ दोन डब्यांत होते, एकात केले. मुदत संपलेल्या गोळ्या: ३१. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, बीपीच्या पण त्यात होत्या. दादांना जाऊन चार वर्षं झाली. टाकताना थांबलो, मग टाकल्या.

दुपारी आईचा फोन. "मुलगी झाली. दोघी चांगल्या हायेत." आवाज बसलेला. रडली असावी, आनंदानं.

बुध., ५ फेब्रु.
माळा. याला हात लावताना आई कायम ओरडायची, "राहू दे, पडशील." आज पोत्यासह सगळं खाली घेतलं. एकेक भांडं पुसून त्यावर कोरलेलं नाव वाचलं. आमची भांडी सरळ ओळखू येतात, 'सौ. मंगल' लिहिलेली. ती २३. पण तळाच्या पोत्यात सात भांडी निघाली, ती आपली नाहीत. यादी अशी:

१. पितळी पातेलं, मोठं. 'सौ. सुनीता हिस वडिलांकडून'.
२. पितळी तांब्या. 'सौ. सुनीता रामेश्वर'.
३, ४. स्टीलची ताटं दोन. 'सौ. सुनीता'.
५. स्टीलचा डबा, झाकण नाही. 'सौ. सुनीता'.
६. पळी. नाव पुसट, 'सु' एवढंच.
७. लहान वाटी, स्टील. 'चि. रेणुका, बारसे निमीत्त, आजोबांकडून'. ('निमित्त' चुकीचं कोरलं आहे.)

सुनीता नावाचं आपल्यात कोणी नाही. रेणुका पण नाही. पंगतीत भांडी बदलून येतात, तशी ही कोणाची तरी आलेली. परत कोणाला करणार? उगाच जागा अडवून बसली आहेत.

गुरु., ६ फेब्रु.
सातही भांडी पिशवीत घालून शहागंजला गेलो. सलीमभाईच्या दुकानात मोड घेतात, जुनं वजनावर देऊन नवं घ्यायचं. त्यांना म्हटलं, "यावर दुसऱ्यांची नावं आहेत, चालेल ना?" ते म्हणाले, "अरे मियाँ, हम तौलते, पढते नै." पितळ ३ किलो २०० ग्रॅम, त्याचे १२८०. स्टीलचे ८०. पाच लिटरचा कुकर घेतला, १७५०. वर ३९० रोख दिले. आईचा कुकर तीन वर्षांपासून शिट्टीऐवजी बाजूनं फुसफुसतो. फोनवर सांगितलं नाही. आईला विचारलं असतं तर एक चमचा जाऊ दिला नसता.

शुक्र., ७ फेब्रु.
काम संपलं. माळ्यावर आता बोटानं पुसलं तरी धूळ लागत नाही. कंटाळा परत सुरू.

रवि., ९ फेब्रु. दुपार
आई सकाळच्या एसटीनं अचानक आली. पिशवी ठेवली, पाणीसुद्धा प्यायली नाही. "स्टूल दे रं." मी हसत कुकर पुढं केला. तिनं तो बघितलाच नाही. स्टुलावर चढली, माळ्यावर हात फिरवला. परत फिरवला. मग तशीच उभी राहिली, हात वर ठेवून.

"तळाचं पोतं कुठाय?"

सांगितलं. दुसऱ्यांची होती म्हणून मोडीत दिली.

"दुसऱ्यांची नव्हती," म्हणाली. उतरता येईना तिला. मी हाताला धरून खाली बसवलं.

"सुनीता कोण, आई?"

"मी."

तोच दिवस, संध्याकाळ
नीट लिहितो, म्हणजे मला परत वाचता येईल.

दादांच्या आधी आईचं एक लग्न झालेलं. त्या घरानं नाव सुनीता ठेवलं होतं. माणसाचं नाव रामेश्वर. विहिरीवर मोटार चालू करायला गेला, शॉक लागून गेला. लग्नाला दोन वर्षं पण नाहीत. पदरात आठ महिन्यांची मुलगी. मामानं दादांशी आईचा पाट लावून दिला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. या घरात नाव पडलं मंगल. तिकडची सासू, सोयगावचीच, मामाच्या शेजारची, म्हणाली, पोरगी आमची, आमच्यात राहील. दादा म्हणाले, माझी हरकत काही नाही, पण गल्लीत, नात्यात विषय नको. भांडी मात्र दादांनीच स्वतः पोत्यात भरून माळ्यावर ठेवली. "राहू दे, भांडी काय बोलतात," असं म्हणाले होते म्हणे.

ती मुलगी रेणुका. सोयगावला तिचंच बाळंतपण. येत्या रविवारी बारसं. तिला जी वाटी तिच्या आजोबांनी दिली, तीच आई तिच्या मुलीच्या पाळण्यात ठेवणार होती. तेवढ्यासाठी आली. "तिला मी काहीच दिलं नाय रं. दूध पण धड नाय. ती वाटी तेवढी तिची म्हणून ठेवलती."

मी विचारलं, "मी तिला बघितलं आहे का?"

"बघितलंस की. छकुताई."

रात्री ८:४०
छकुताई. मामाच्या शेजारची म्हणून माहीत होती. मे महिन्यात मामाकडं गेलो की रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायची. एक वेलांटी चुकली तर पाच वेळा. तिनं घासलं म्हणून दहावीनंतर शाळा सुटूनही माझं लिहिणं शाबूत राहिलं. ही वही लिहायची सवयसुद्धा तिचीच. आणि ती माझी

तिला केव्हापासून माहीत, असं आईला विचारलं. "दहावीपासून." म्हणजे मी तेव्हा सहावीत. मामाला माहीत, मामीला माहीत, दादांना माहीत. वाटी पुसून नाव मी स्वतः वाचलं, निमित्त चुकलं एवढंच मला दिसलं.

सोम., १० फेब्रु.
शहागंज. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "माल तो गोदाम में गया. आते शनीचर कू टेम्पो, सीधा भट्टी." मी वहीतली यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पुरी वाचली, मला म्हणाले, "तुम तो पढते होना? फिर बेचे काय कू?" उद्या गोदाम उघडून देतो म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "यादी वाच." तिला वाचता येत नाही फारसं. एकेक ओळ वाचली. ती मध्ये सांगत गेली: ताटं मावशीनं दिलेली. डबा नणंदेचा, झाकण तिनंच ठेवून घेतलं, हलकट होती. पळीवर आईनं स्वतः नाव घालायला लावलेलं, पैसे कमी पडले म्हणून कोरणारानं अर्धंच घातलं. त्या पळीला हसली. सात क्रमांकाला म्हणाली, "ती परत वाच."

परत वाचली.

मंगळ., ११ फेब्रु.
गोदाम म्हणजे मागच्या गल्लीतली पत्र्याची खोली. छतापर्यंत भांडी. सगळ्यांवर नावं. सौ. अमुक, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट, चि. ढमुक. मी दारातच उभा राहिलो. सलीमभाई म्हणाले, "दर्गा है क्या, ऐसे खडे रहे तो? अगरबत्ती लगाऊँ?"

आई पदर खोचून सरळ ढिगात जाऊन बसली. साडेदहा ते साडेचार. मी ढीग पाडायचो, ती हातानं चाचपून बाजूला टाकायची. नाव न वाचता ओळखते. पातेलं तिनं आवाजावरून ओळखलं. मी ओढलं तेव्हा घण्ण झालं, म्हणाली, "थांब, माझं ते." तिचंच होतं. तांब्या सापडला. दोन ताटं सापडली. डबा, पळी नाही. वाटी नाही. लहान वाट्यांचीच तीन पोती होती. दोन पाहून झाली.

सलीमभाईंनी चहा आणला. म्हणाले, "बडी बी, वाटी है ना, मिल जाती. नै मिली तो दूसरी ले लो मेरी तरफ से."

आई म्हणाली, "भाई, दुसरी असती तर मी दुसरीच घेतली असती की." ते चहा प्यायले.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "दादा गेल्यावर तरी का नाही सांगितलं?" क्रांती चौकात सिग्नलला म्हणाली, "न सांगायची सवय झाली. आन् तुला लई राग येतो."

मला राग येतो? मला तर

बुध., १२ फेब्रु.
छकुताईचा फोन आईच्या मोबाइलवर आला. आई नळाला होती, मी उचलला. मागं बाळ रडत होतं.

"आई?"

"मी कैलास."

ती म्हणाली, "शुद्धलेखन चालू आहे का रे?" नेहमी हेच विचारते. आज मला काय झालं कळलं नाही, मी फोन ठेवला. आईला सांगितलं, राँग नंबर. वाटीचं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गुरु., १३ फेब्रु.
तिसरं पोतं. एकटा गेलो, आईचे गुडघे सुजले आहेत. एकेक वाटी उजेडात धरून वाचली. ४१२ वाट्या. रेणुका नाही. एक 'चि. रेणू' निघाली, पण ती 'मौंजीबंधन' वाली, म्हणजे नाव अर्धवट, मुलाची. तरी दहा मिनिटं हातात धरून बसलो. ही नेऊन दिली तर आईला अंधारात... नाही. तिनं पातेलं आवाजावरून ओळखलं.

सलीमभाई म्हणाले, एक पोतं परवा चुकून रशीद टेम्पोवाल्याकडं गेलं असेल, विचारतो. "उम्मीद रखो, मियाँ, पर वादा नै करता."

घरी येऊन आईला खरं सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. नव्या कुकरात भात लावला, शिट्ट्या बरोबर तीन झाल्या. मला त्या आवाजाचीच लाज वाटली.

शुक्र., १४ फेब्रु. दुपारी ४:००
सकाळी आई उठली, अंघोळ केली, म्हणाली, "नवी घेऊन ये. रिकाम्या हातानं जायचं नाय." शहागंजला गेलो. तशीच लहान, कडेला जाड, स्टीलची. सलीमभाईंच्या पायरीवर नावं कोरणारे एक चाचा बसतात, मशीन घेऊन. वाटी मांडीत धरून म्हणाले, "बोलो."

मी सांगितलं, "चि. लिहा. पुढं जागा सोडा, नाव रविवारी ठरेल. खाली 'बारसे निमित्त'. नि ऱ्हस्व, मि ऱ्हस्व." कागदावर लिहून दिलं. त्यांनी तसंच्या तसं कोरलं, बघून-बघून.

मग मशीन तसंच धरून विचारलं, "किसकी तरफ से?"

आईचं नाव सांगायला तोंड उघडलं. कुठलं, मंगल का सुनीता, ते आईला विचारून आलो नव्हतो. चाचा थांबले. मागं दोन गिऱ्हाइकं उभी. मशीन घुर्र करत होतं.

"मामाकडून," म्हणालो.

कोरून झाल्यावर त्यांनी फुंकर मारून वाटी माझ्या हातात दिली. अजून गरम होती.

आईनं ती हातात घेतली, बोटानं अक्षरं चाचपली. "काय लिहिलंय?" वाचून दाखवलं. पदराच्या टोकानं पुसली, पातेल्यात ठेवली, वर ताट झाकलं. आता स्वयंपाकघरात आहे. दोन वेळा झाकण काढून बघताना ऐकू आलं.

एसटी उद्या सकाळी सात दहाची. आईनं माझा निळा शर्ट इस्त्रीला दिला आहे, मला न विचारता. फोन मी ठेवला हे छकुताईनं तिला सांगितलं का, माहीत नाही. सलीमभाईंचा फोन अजून आलेला नाही. टेम्पो पण उद्याच.

हिशोब
कुकर, मोड वजा जाता रोख: ३९०
पातेलं, तांब्या, दोन ताटं परत घेतली: १४९०
शेअर रिक्षा, शहागंज, पाच वेळा (एकदा दोघं): ३६०
नवी वाटी: ६०. कोरणावळ: ४०
एकूण खर्च: २३४०
पैकी दिले: १८५०. सलीमभाईंचे देणे: ४९० (पगार झाल्यावर)
एसटी, सोयगाव: आईचं तिकीट एक. दुसरं अजून लिहिलेलं नाही, जागा सोडली आहे.