मांडवातला रशियन

चिरंजीव अद्नानला बंगलोर मुक्कामी, रत्नागिरीहून फरीदाआपाचा सलाम आणि ओंजळभर दुआ. तब्येत सांभाळत असशील, वेळेवर जेवत असशील. (आमचं विचारू नकोस, खाली सविस्तर येतंच आहे.)

बाबा रे, तुझ्या दुल्हाभाईंना (म्हणजे माझ्याच नवऱ्याला) निवृत्तीची भेट म्हणून तो प्रोग्राम देण्याची बुद्धी तुला कुठून झाली? जन्मभर जहाजावर रेडिओ ऑफिसर असलेल्या माणसाला लोक शाल देतात. आता गच्चीच्या मधोमध दांडा, दांड्यावर अँटेना, जिन्यातून वायर आणि वायरीच्या टोकाला, कॉम्प्युटरसमोर, तुझे दुल्हाभाई. उपग्रहांचे सिग्नल एका डबीतून आत घ्यायचे, पुढचं सगळं प्रोग्रामने करायचं; म्हणून अमेरिकेचं जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास एकाच ताटात जेवतात म्हणे. दोन महिन्यांच्या खटपटीतून सिद्ध झालंय ते एवढंच, की आपलं घर आपल्याच घराच्या जागेवर आहे.

अमेरिकन पोरं (उपग्रह रे) गुणी, सात-आठ जण कायम हजर. रशियन मात्र आमच्या आभाळात बहुतेक वेळा एकटाच. तो मॉस्कोचं घड्याळ घेऊन येतो आणि ते अमेरिकन घड्याळाशी जुळवण्यातच त्याची सगळी मदत संपते. सोबत दुसरा आला तरच फायदा. (मला हे चटकन कळलं. लग्नाच्या मदतीला फुफी महिनाभर आधी आल्यात, आणि त्यांच्या चहाच्या वेळा सांभाळायला मला बाई ठेवावी लागली आहे.)

मनालचं लग्न नऊ तारखेला, मांडव गच्चीवर. मांडववाला बाबल्या माप घ्यायला आला, दांड्याभोवती एक फेरी मारली नि म्हणाला, "भाबी, ह्यो दांडा काडा, न्हायतर नवरदेवाला त्यालाच बांदा." दुल्हाभाई म्हणतात, वीतभर हलवला तरी आजवर घेतलेल्या मापांची सगळी सरासरी वाया. पोरगी सासरी चाललीय आणि बाप दुसऱ्या रशियनची वाट बघतोय! मनाल म्हणते, "अम्मी, कबूल म्हणण्याआधी अब्बांना विचार, सिग्नल आहे का."

रडून झालं, आता थांबते. घरी सगळ्यांना सलाम.
तुझी,
फरीदाआपा

ता. क. : मुद्द्याचंच राहिलं. ते फक्त तुझं ऐकतात. फोन करून ठोकून दे की प्रोग्राम बिघडलाय, लग्नापर्यंत अँटेना उतरवा.

आणखी ता. क. : फोन करू नकोस. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात दोन रशियन एकदम उगवले. आधी मीच ओरडले. आकडे काय स्थिर झाले रे! युरोपवाल्यांचाही पहिलावहिला उपग्रह नुकताच वर गेलाय म्हणतात, त्याचा प्रोग्राम पाठव. (एकटाच आहे ना? असू दे.) बाबल्याला मी परत पाठवलंय. लग्न नऊ तारखेलाच आहे. जागा मागाहून कळवते.