काउंटर ते तिसरा मजला, वायरीने

३ मार्च, सकाळ
ठरलं. चष्म्याच्या दुकानात बारा वर्षं ऑर्डरच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढलो, आता बास. काउंटर तळमजल्यावर, काचा घासणारे काका तिसऱ्यावर, मधे मी. गुडघे कुरकुरतात. आजपासून नेटवर्क प्रोग्रामिंग. क्लास नाही, गुरू नाही, स्वतःच्या हिमतीवर. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

४ मार्च, सकाळी ८.४०
पहाटेचा अभ्यास उद्यापासून.

७ मार्च
पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं नुसती थिअरी. गाळली. चौथ्यात तयार प्रोग्रामच दिलेत: एक पाठवणारा, एक ऐकणारा. मग आधी एवढी बडबड कशाला?

९ मार्च
अक्षरन् अक्षर उतरवलं. चालेना. लेखकाला दोन तास शिव्या घातल्या. माझा एक कंस राहिला होता. त्याने तो ठळक छापायला नको?

१२ मार्च, दुपारी २
चालला!! घरच्या कॉम्प्युटरवर दोन खिडक्या. एकीत 'हॅलो' लिहिलं, दुसरीत उमटलं. अंगावर काटा आला. मुलीला दाखवलं. ती कॉलेजात हेच शिकते, त्यामुळे जळते. म्हणे, पत्ता १२७.०.०.१ ठेवलात तर मशीन स्वतःशीच बोलत बसेल, दुकानातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मशीनचा पत्ता घाला, आणि दोन वेगळ्या मशीनवर करून बघा. छापील पुस्तकात चुका काढायला लागली पोरगी!

१४ मार्च
मालकांशी बोललो. जमलं तर जिने बंद, काउंटरमागे खुर्ची. फसलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. बायको म्हणाली, आधी नीट चालू दे, मग कार्डं छापा. कार्डं छापून झाली होती. शंभर. 'नेटवर्क इंजिनिअर'.

१७ मार्च
दोन्ही प्रोग्राम दोन्ही मशीनवर टाकले, काउंटरच्या आणि वर काकांच्या. उगाच कुठला कुठे याचा घोळ नको.

१८ मार्च, १०.१५
उद्घाटन. पहिली ऑर्डर आईच्या चष्म्याची (जुन्यावर मी बसलो होतो). बटण दाबलं. लगेच समोर 'ऑर्डर पोचली'. मालकांनी पाठ थोपटली. वर जाऊन खात्री केली नाही. जिना चढायचा नाही, हाच तर मुद्दा होता!

१९ मार्च
खुर्चीला चाकं आहेत.

२० मार्च
वरून एक तक्रार नाही. याला म्हणतात सिस्टिम. आईला मात्र दम नाही, सारखं चष्मा कुठाय, चष्मा कुठाय. काल तिने शेजारच्या काकूंना मी समजून झापलं.

२१ मार्च, ११.३०
गिऱ्हाइकं चष्मे न्यायला आली. एकही तयार नाही. मालकांनी मला वर पिटाळलं, जिन्याने. काका खिडकीत पाय पसरून शब्दकोडं सोडवत होते. म्हणाले, चार दिवसांत एक ऑर्डर नाही, धंदा बसला म्हणून मी दुसरीकडे विचारूनही आलो.

खाली येऊन पाहिलं. एकशे बारा ऑर्डरी काउंटरच्या मशीनने काउंटरच्याच मशीनला पाठवल्या होत्या, आणि स्वतःच 'पोचली' म्हणून कळवलं होतं. पत्ता पुस्तकातलाच.

तांत्रिकदृष्ट्या एकही ऑर्डर हरवलेली नाही. हे कुणी लक्षातच घेत नाही.

२१ मार्च, संध्याकाळ
एकशे बारा चिठ्ठ्या हाताने लिहून वर नेल्या. मुलगी फोनवर म्हणाली, पत्ता बदला, दोन मिनिटांचं काम आहे. पण मालक आता विषय काढू देत नाहीत. त्यांनी नव्या चिठ्ठीचा फोटो काढून काकांच्या फोनवर पाठवला. काकांनी अंगठा पाठवला. झालं. खुर्ची काढून घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसलो जरा वेळ. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

२२ मार्च
एक बरं आहे. तयार चष्मे काही फोनमधून खाली येत नाहीत. नोकरी शाबूत.

२४ मार्च
आईचा चष्मा मीच खाली आणला, मीच घरी नेला. तिने लावला. टेबलावरचं माझं कार्ड उचललं. मोठ्याने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. चष्मा पदराने पुसून परत वाचलं.

म्हणाली, परत घेऊन जा रे हा, नंबर चुकलाय.