नवासी आणि उन्यासी

॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन
११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सौ. रजनीताईस धाकट्या सुलूचा साष्टांग नमस्कार (गुडघे ऐकत नाहीत म्हणून मनातल्या मनात घातलेला).

भय्यासाहेबांची साखर आता कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे, की थंडीचं निमित्त करून पांघरुणात? त्यांना माझा नमस्कार सांग. दिवाळीत त्यांच्या चहात मीठ पडलं ते त्यांनी मनावर घेतलं नसावं. तू मात्र घेतलंस. चार माणसांत "सुलू, डोळे दाखवून ये" म्हणालीस, म्हणून मी तीन महिने फोन केला नाही आणि आजही त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरातले डबेच सगळे एका मापाचे आहेत, त्याला मी काय करणार? (अक्षर बदललेलं वाटेल. पेन नवं आहे.)

पत्राला कारण विहंग. आमच्या विनायकभावजींचा मुलगा, ज्याला मी नववीत गणितात दोन गुणांनी नापास केलं होतं, तोच. आता सत्तावीस वर्षांचा झाला आहे आणि डार्ट्स खेळतो. म्हणजे भिंतीवर एक गोल बोर्ड टांगायचा आणि आठ फुटांवरून त्यावर बोटभर बाण फेकायचे. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, अरे, जत्रेत फुगे फोडतात ते काय वेगळं? पण ताई, तो खेळ सगळा वजाबाकीचा आहे! पाचशे एकपासून सुरुवात, तीन-तीन बाण मारायचे, जितके गुण पडतील तितके वजा करत शून्यावर यायचं. बरोबर शून्यावर, आणि शेवटचा बाण कडेच्या दुपटीच्या पट्टीतच लागला पाहिजे. आतल्या बाजूला तिप्पटीची पट्टी असते, करंगळीएवढी. ज्या मुलाला मी हातच्यासाठी कान धरून उभं केलं, तो पोटासाठी वजाबाकी करतो हे ऐकून मला भरूनच आलं.

भावजींना काही भरून येत नाही. त्यांनी विहंगला निक्षून सांगितलं होतं, की फेब्रुवारीतली उज्जैनची व्यावसायिक स्पर्धा शेवटची. जिंकणाऱ्याला दिल्लीच्या साखळी स्पर्धेत वर्षभर खेळायची जागा मिळणार होती. मिळाली तर जा, नाहीतर एक मार्चपासून टावर चौकातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बस. पोरगं महिनाभर धड जेवलं नाही. सकाळच्या पोह्यांवरची शेवसुद्धा वेगळी काढून ठेवायचा, हात तेलकट होतो म्हणून.

अंतिम सामना रविवारी होता, देवास गेटजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. मी दारात पोहोचले तर वाटेतच एक उंच मुलगा उभा. मी तीनदा म्हटलं, बाळा, जरा बाजूला हो. हूं नाही की चूं नाही! शेवटी मी त्याच्या आईवडिलांचे संस्कार काढले. मग मानसीनं (विहंगची आई, स्वभावानं गरीब) माझा दंड धरून मला पुढे नेलं आणि तो पुठ्ठ्याचा असल्याचं हळूच सांगितलं. आजकाल पुठ्ठे इतके हुबेहूब करतात की विचारू नकोस.

आत गेले तर गोंधळ. गुण दाखवणारा पडदा बंद पडला होता. स्पर्धा भरवणारा अमोल माझाच विद्यार्थी. मला पाहिलं आणि धावत आला. "मॅडम, मशीन तर बसली. माझं तर डोकंच काम नाही करून राहिलं. तुम्ही उभ्या राहून जा न, तोंडी हिशेब तुमच्यासारखा उज्जैनमध्ये कोणाचाच नाही!" मी म्हटलं, अरे, खेळणारा माझा पुतण्या आहे. तर तो विहंगसमोर खेळणाऱ्या जबलपूरच्या खेळाडूला म्हणतो कसा, "भैया, ये वही मैडम हैं जिन्होंने इसी भतीजे को फेल किया था." जबलपूरवाल्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझा असा सत्कार कोणी केला नव्हता.

तर माझ्या हाती माईक. प्रत्येक फेरीनंतर बोर्डाकडे पाहायचं, वजाबाकी करायची आणि किती उरले ते सांगायचं. मी आधी मराठीत सांगे आणि मग हिंदीत. पहिल्याच फेरीला जबलपूरवाला म्हणाला, "मैम, इंग्लिश में बोल दीजिए." मी विचारलं, तुझी मातृभाषा कुठली? म्हणाला, हिंदी. मग उनहत्तर म्हणजे किती? तो बोटं मोजायला लागला. सगळ्या हॉलला विचारलं. दोनशे माणसं आणि एकाला उनहत्तर, म्हणजे आपलं एकोणसत्तर, येईना. मी तिथेच पाच मिनिटं तास घेतला. (अमोलनं दोनदा घड्याळ दाखवलं. शाळेतही त्याला तीच सवय होती.)

आता नीट ऐक, कारण घोळ इथेच झाला. दोघांचे डाव बरोबरीत, शेवटचा डाव चालू. विहंगचे एकशे चौतीस उरले होते. त्यानं बाण मारले वीस, वीस आणि पाच. पंचेचाळीस गेले, राहिले एकोणनव्वद. हिंदीत नवासी. मी तसं सांगितलं. विहंगला मात्र ते उन्यासी, म्हणजे आपलं एकोणऐंशी ऐकू आलं. आपल्या मराठी माणसाची ही जुनीच खोड. एकोण आलं की मन आपसूक हिंदीतलं उन शोधायला जातं, आणि नवासीत ते सापडत नाही. पुढच्या पाळीला त्यानं तेराच्या तिप्पटीत एक बाण मारला आणि विसाच्या दुपटीत दुसरा. एकोणचाळीस आणि चाळीस, झाले एकोणऐंशी. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! मानसी रडायला लागली, भावजी खुर्चीवर चढले (हो, भावजी!), अमोलनं विहंगचा हात वर केला.

विहंगनं तो खाली घेतला. तिसरा बाण अजून त्याच्या हातात होता. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माईक घेऊन म्हणाला, "मैडम ने नवासी बोला था, मैंने उन्यासी सुन लिया. अभी मेरे दस बाकी हैं." कोण काय बोलणार? नवासी आणि उन्यासीतला फरक त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हता. दहा म्हणजे पाचाची दुप्पट हवी आणि बाण एकच. तो पट्टीच्या दोऱ्याएवढा आत, साध्या पाचात लागला. जबलपूरवाल्याचे बत्तीस उरले होते, त्यानं सोळाच्या दुपटीत बाण मारून सामना संपवला.

असं झालं. पाढे पाठ नसले की काय होतं त्याचं हे उदाहरण. बाकी इकडे सर्व क्षेम आहे. थंडी ओसरली. तुझ्या लोणच्याची बरणी परत द्यायची राहिली आहे.

तुझी,
सुलू

ता. क. भय्यासाहेबांना म्हणावं, विनायकभावजींना एक फोन करा. भावजींचं लग्न त्यांनीच जमवलं, त्यांचा शब्द भावजी खाली पडू देत नाहीत. विहंगला आणखी एक वर्ष मिळालं पाहिजे. दुकान कुठे पळून जात नाही.

आणखी एक ता. क. ताई, वर लिहिलं ते खोटं आहे. मी उन्यासीच म्हणाले होते. वीस, वीसनंतरचा तो पाचाचा बाण मला तिप्पटीत दिसला, पाचाचे मी पंधरा धरले. वजाबाकी चुकली नाही, नजर चुकली. परत येताना स्कूटरवर मी विहंगला विचारलं, गाढवा, तुला ठाऊक होतं तर आधी का नाही बोललास? म्हणाला, "काकू, तुम्ही उन्यासी म्हणाल्या, तर मला वाटलं माझंच बघण्यात चुकलं. तुम्ही कशा चुकणार?" दोन बाण लागल्यावर त्याला तो पाच पुन्हा आठवला, आणि मग राहवेना. दोनशे माणसांत त्यानं स्वतःला ढ म्हणवून घेतलं आणि माझी लाज राखली. त्या रात्री मी जेवले नाही. माझ्यामुळे त्या पोराची दिल्ली गेली, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं.

शेवटचं. तू म्हणालीस तसंच निघालं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याचं ऑपरेशन चोवीस तारखेला. डॉक्टर म्हणतात पंधरा मिनिटांचं काम. मला भीती वाटते. तू ये. मीठ कुठल्या डब्यात आहे ते तूच बघ.

अगदीच शेवटचं. पेन नवं नाही. हे पत्र मी सांगते आहे आणि विहंग लिहितो आहे. मघाची ता. क. लिहायला तो तयार नव्हता, मी दटावून लिहवली. समोरासमोर बोलायला मला जमलं नसतं. तर आता हेही लिही रे: नववीत जे दोन गुण कमी पडले होते ते आज दिले. पास.

(रजनीमावशी, दोन नव्हते, तीन होते. पण काकूंना सांगू नका. चोवीसच्या आधी या. — विहंग)