उजवीकडचं पान

७ फेब्रुवारी, सकाळी, देवाचं आटोपून

प्रिय बुटके,

डोळ्यांचं कळलं. आता तुला सगळं सूनच वाचून दाखवते, तेव्हा हे पत्रही तिच्याच तोंडून ऐकशील. ऐक. ह्यांचा खोकला आहे तिथेच आहे. मी बरी आहे.

फोनवर मागितलीस ती आपली वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, सोबत पाठवते आहे. वाचनालयाची वर्गणी एक, पुस्तक एक, वहीही एकच. डावं पान माझं, उजवं तुझं, आणि पुस्तक दोघींचं वाचून होईस्तोवर दुसरीच्या पानात डोकवायचं नाही. नियम तुझा, पाळला मीच. तू चोरून बघायचीस.

त्या दोन मैत्रिणींच्या कादंबरीवरचं टिपण काढून बसले. त्यात सासरी पिचलेलीच्या नोकरीचा कागद मैत्रिणीच्या पत्त्यावर येतो आणि ही वेडी तो धावत नेऊन देते. मग आयुष्यभर एकटी बसते. माझं डावं पान असं: ‘खोटं वाटतं. इतकं चांगलं कुणी नसतं. कागद दाबला असता तर दोघी सोबत राहिल्या असत्या.’ उजवीकडे तुझं एवढंच: ‘असतं. माझी आहे.’

वाचून तू म्हणाली होतीस, "किती गं खडूस तू!" दोघी पोट धरून हसलो होतो.

त्याच उन्हाळ्यात तू टेलिफोन ऑफिसात नोकरीचा अर्ज केलास. सासूला कळू नये म्हणून पत्ता माझा दिलास. रोज जिन्यातून विचारायचीस, "आलं का गं काही?" मी म्हणायचे, "नाही गं. नशिबात असेल तर येईल."

आलं होतं, बुटके. राहायला खोलीसुद्धा देणार होते.

तू गेली असतीस तर मी कुणाशी बोलले असते? शिवाय वाचनालयाची वर्गणी एकटीनं भरायची म्हणजे चैनच. लखोटा देवाच्या तसबिरीमागे सरकवला. एकतीस वर्षं देवाबरोबर त्यालाही उदबत्ती मिळाली. तुझ्या नवऱ्यानं हात मोडला तेव्हा शेक द्यायला मीच होते ना? ते विसरू नकोस.

जाळून टाकता आला असता. पण परवा तू म्हणालीस, "तू होतीस म्हणून त्या घरात तग धरला." तेव्हापासून जपाला बसलं की मणी पुढे सरकत नाही. हे ओझं घेऊन मला वर जायचं नाही. आता ते तुझ्याकडे. तुझं तू बघ.

वहीत लखोटा ठेवला आहे. सूनबाई, तोही वाचून दाखवा. हजर होण्याची तारीख जरा मोठ्यानं वाचा, सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा.

त्या टिपणाचं उजवं पान वहीत शोधू नका. मी ब्लेडनं कापून घेतलं आहे. ‘असतं. माझी आहे.’ तुझ्या हातचं आहे, मला लागेल.

तुझीच, अजूनही,
उंचाडी