राणीचं वय

प्रकाशा, मंगळवार संध्याकाळ

आजही राणी घोडीनं अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे गव्हाणीत टाकले. दाढा टोचत असणार. शहाद्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई भूल देऊन, जबडा उघडून दाढा नीट घासतात. तरी मी बोलावलं कुणाला? घोडेबाजारातल्या ओळखीच्या दलालाला, कानस घेऊन. का, तर बाई दात बघून खरं वय कागदावर लिहितील. राणी विकायला काढलीय. गिऱ्हाइकाला सात वर्षं सांगितलंय.

बायको म्हणाली, "घोडीनं तोंड दुखी ऱ्हायनं, अन् तुमले वयनी पडेल शे!"

चिडलो. मग ते बोळे उचलायला गेलो. ओले होते, आणि एकात रक्त.

दलालाला येऊ नको म्हणून कळवलं. बाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा वयच विचारलं.

बारा, म्हणालो.