चाईतले पांढरे केस

मंगळवार, संध्याकाळ

शेजारची रेणुका आईला घेऊन आली होती. उन्हाळ्यात रेणुकाच्या डोक्याला चाई लागली आणि कानामागे रुपयाएवढी जागा उघडी पडली. आता तिथे केस उगवलेत, पण पांढरे. आईच्या हातात चिमटा होता. रविवारी पाहुणे मुलगी बघायला येणार आहेत.

"पांढरं दिसलं तर बिलकुल न्हाई म्हणतील, ताई."

मी म्हटलं, उपटू नका. चाईत नवे केस बहुधा आधी पांढरेच येतात. माझेही तसेच आले होते.

"मंग काळे कधी व्हतील?"

बहुतेकांचे होतात, म्हटलं. माझे सगळे झाले नाहीत, हेही सांगून टाकलं. गरज होती का? पण अर्धाच सल्ला कसा द्यायचा?

रेणुकाने माझ्या कानामागची पांढरी बट नीट पाहिली. मेंढपाळाच्या घरातली पोर. म्हणाली, "आई, पांढऱ्या लोकरीला गिऱ्हाईक जल्दी भेटतं." आई हसली नाही.

जाताना रेणुका दारात थांबली. "मावशी, रविवारी माझ्याजवळ बसताल का? केस मोकळे नका सोडू."

तिची आई चिमटा इथेच विसरलीय. की ठेवून गेली?

जाईन. केस घट्ट मागे बांधून, पांढरी बट दिसेल असे.