सख्खी थुंकी हवी आहे

नगर, सोमवार

तीर्थरूप मनकर्णाताईस,

नृसिंहाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त कागदावरच). तुझा दमा आणि कोपरगावची हवा यांचं सध्या जुळतंय ना? मी ठीक आहे. फक्त माझी साखर औषधांना दाद देत नाही, आणि ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी साखर मोजायच्या मशीनशीच बोलतो.

तर आमचे डॉक्टर सुश्रुत म्हणाले, पूर्वजांनी दुष्काळ काढले, त्यात आपलं शरीर बहुधा साखर धरून ठेवायला शिकलं. दुष्काळ सरला, सवय राहिली (अंदाज आहे, असंही म्हणाले). आता घराण्याची जनुकं तपासून कुणाला कुठलं औषध लागू पडेल ते बघायचं. त्यासाठी नळीत थुंकायचं, आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नमुना घ्यायला घोडेगावची पूजा नावाची मुलगी बसली होती. कित्येक महिन्यांनी समोर माणूस! अर्धा तास मी अखंड बोललो आणि तोंडाला कोरड पडली. ती म्हणाली, "आजोबा, लई बोलू नका, थुकी वाळून चालली."

मग तिनं वाडवडिलांचे आजार विचारले. मी गोत्रापासून सुरुवात करून सात पिढ्या धडाधडा सांगितल्या. पुतण्या गंधारचाही नमुना घेतला होता. अहवालात आम्हां काका-पुतण्याचं नातं शून्य! डॉक्टर चक्रावले. तेव्हा मला (लाजेनं सांगतो) आठवलं, की सहाव्या वर्षी मला या घरी दत्तक दिलं होतं. मंत्रांनी गोत्र बदललं, पण जनुकांना कुणी कळवलंच नाही. गंधारला मात्र याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, ते मला फार लागलं.

आता सख्ख्या भावंडाची थुंकी हवी, म्हणजे तुझी. ताई, मला दिल्यापासून तुमच्याकडची प्रत्येक लग्नपत्रिका मला पोस्टानं येते. घरच्या नावांत मी छापलेला नसतो. तक्रार नाही (आहे). एकदा येऊन जा. एस.टी. थेट आहे.

तुझा धाकटा (तपासणीत सिद्ध व्हायचा बाकी),
नृसिंह

ता.क. नळी मिनिटात भरते, पण मुक्काम चार दिवसांचा धर. खोली झाडून ठेवली आहे.

ता.क. दुसरा : पाकीट चिकटवलं आणि डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या अभ्यासाला लागणारे नमुने पुरेसे झाले, आता कुणाचाच नको. पाकीट फोडून हे लिहितोय. तरी तू ये, ताई.